भोक पाडणं सोपं असतं

बोअरची गाडी आमच्याकडे रात्री अकराला आली. या गाड्या कायम रात्रीच का येतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. एक गाडी रिगची, दुसरी कॉम्प्रेसरची, आणि मागून सहा-सात पोरं, त्यांतली निम्मी तमिळ बोलणारी. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जी जागा दाखवली होती तिथं बिट टेकलं आणि पुढचे चार तास शेजारपाजारच्या सगळ्यांची झोप उडाली.

मी खुर्ची टाकून बसलो होतो. आधी लाल माती उडाली, मग पिवळट मुरूम, मग राखाडी, पिठासारखा भुगा. म्हणजे काळा पाषाण लागला. ऑपरेटर यंत्राकडे बघतच नव्हता. त्याची नजर भोकाच्या तोंडावर, बाहेर पडणाऱ्या भुग्यावर खिळलेली. मधूनच एक पोरगा फावडं पुढं करून चिमूटभर भुगा त्याच्या तळहातावर ठेवायचा. एकशे चाळीस फुटांच्या आसपास गेरूचा लाल थर लागला आणि भुगा यायचा बंद झाला. हॅमर खाली ठोकतच होता, आवाजात मला तरी काही फरक कळला नाही. पण या गड्यानं झटक्यात ठोके थांबवले, रॉड दहा-बारा फूट वर खेचला आणि नुसती हवा सोडली. क्षणभर काहीच नाही. मग तोफेसारखा आवाज करत लाल चिखलाचे गोळे वर आले आणि समोरच्या कंपाउंडवर जाऊन बसले.

चहा पिताना त्यानं मोडक्या हिंदीत मला जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की भोक कुणीही पाडेल; भुगा वर आणता आला पाहिजे. नाहीतर रॉड खालीच राहतो, रॉडबरोबर हॅमर, आणि हॅमरबरोबर महिन्याची कमाई.

त्या दिवसांत मी अपोलो १५ च्या अंतराळवीरांचं ह्यूस्टनशी झालेलं संभाषण वाचत होतो. अमेरिकेच्या उत्तमोत्तम इंजिनिअरांना १९७१ च्या जुलैअखेर चंद्रावर जाऊन जे कळलं, ते हा माणूस मला माझ्याच आवारात कपबशी हातात धरून सांगत होता.

*

अपोलो १५ बरोबर पहिल्यांदा माणसानं हातात धरून चालवायचं खरंखुरं ड्रिल मशीन चंद्रावर उतरलं. बॅटरीवर चालणारं, फिरता फिरता ठोकणारं. मिनिटाला सुमारे २८० फेरे आणि दोन हजारांहून जास्त ठोके. मार्टिन मॅरिएटा या कंपनीनं ते ब्लॅक अँड डेकरच्या मदतीनं बनवलं होतं. (बिनवायरीचं ड्रिल चंद्रासाठी शोधलं गेलं, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर खोटा आहे. ब्लॅक अँड डेकरनं ते १९६१ सालीच बाजारात आणलं होतं.) कामं दोन होती. जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णता मोजायला तीन-तीन मीटरची दोन भोकं पाडायची, आणि तिसऱ्या भोकातून मातीचा अखंड गाभा उपसून घरी आणायचा.

डेव्हिड स्कॉटनं पहिलं भोक घ्यायला सुरुवात केली. पहिला भाग लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि दीड मीटरच्या आसपास मशीन अडलं. स्कॉट दाबतोय, मशीन थरथरतंय, पण खाली काही जात नाही. दाबायचं म्हटलं तरी दाबणार कशानं? माणूस आणि पोशाख मिळून पृथ्वीवर दीडशे किलोंच्या वर भरले असते. चंद्रावर त्याचा सहावा हिस्सा. भोक पाडताना आपण अंगाचं वजन टाकतो, हे आपल्याला एरवी आठवतही नाही. दुसरं भोक तर मीटरभरावरच रुसलं.

दोष सापडला तो नंतर. ड्रिलच्या दांड्यावर स्क्रूसारखी पिळाची चर असते. टोकानं फोडलेला भुगा त्या चरीतून जिना चढल्यासारखा वर येतो. सुतारकामाचं गिरमिट पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चंद्रासाठीचे दांडे तुकड्यातुकड्यांत नेले होते, आणि एक तुकडा दुसऱ्याला जिथं जोडला जायचा त्या सांध्यापाशी ही चर उथळ होत होत संपत होती. म्हणजे जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दार बंद. भुगा वर चढायचा, सांध्यापाशी अडायचा, मागून येणारा त्याला रेटायचा आणि सगळं घट्ट बसायचं.

आणि भुगा तरी कसला! चंद्रावर पाणी वाहत नाही, वारा वाहत नाही. उल्कांच्या माऱ्यानं फुटलेल्या दगडाच्या कणाच्या कडा तिथं कधी गोल होत नाहीत. नदीची वाळू हातात घेतली तर घरंगळते. ही माती काचेच्या चुऱ्यासारखी, कणात कण अडकवून बसणारी. वरचा वीतभर थर मऊ, आणि त्याखाली कोट्यवधी वर्षांच्या हादऱ्यांनी ठासून बसलेला माल. आमच्या रिगवर कॉम्प्रेसर होता, तेलाच्या विहिरीवर चिखलाचं पाणी असतं. चंद्रावर यातलं काहीच नाही. भुगा वर आणायची सगळी जबाबदारी त्या एका चरीवर, आणि तीच सांध्यापाशी गायब.

गाभ्याचं काम तर आणखी जिवावर आलं. सुमारे २.४ मीटरची नळी आत गेली खरी, पण बाहेर येईना. भुग्यानं तिला चहूबाजूंनी आवळून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती तशीच सोडून दोघं यानात परतले. तिसऱ्या दिवशी स्कॉट आणि जिम अर्विन मशीनच्या मुठींखाली खांदे लावून, एकाच वेळी जोर करून, तसूतसूनं तिला वर उचलत होते. बैल चिखलात रुतला की गाववाले लावतात तसा हा खांदा. नळी सुटली, स्कॉटचा खांदा दुखावला. मग तुकडे सुटे करायला गाडीवर बसवलेला व्हाइस उलटा लावलेला निघाला! या ड्रिलवर आणखी किती तास घालवायचे, असं स्कॉटनं वैतागून ह्यूस्टनमधल्या जो ॲलनला विचारलं. त्या तासांपायी उत्तरेकडच्या टेकड्यांची ठरलेली फेरी रद्द करावी लागली.

नळी घरी आली. उघडली तेव्हा आत मातीचे ४२ वेगवेगळे थर निघाले. प्रत्येक थर म्हणजे कुठल्या तरी काळी झालेल्या आघाताचा उडालेला सडा. भूगर्भवाल्यांनी स्कॉटचा वैताग मनावर घेतला नसणार.

पुढच्या वर्षी अपोलो १६ साठी दांड्यांची चर सांध्यातूनही सलग नेली, आणि नळी उपसायला जॅक दिला. चार्ली ड्यूकनं उष्णतेसाठीचं भोक बघता बघता पाडलं, उपकरण आत सोडलं. आणि जॉन यंगचा पाय वायरीत अडकून वायर मुळापासून उपटली गेली. तो प्रयोग तिथंच संपला. इतकं सगळं सुधारून शेवटी घात केला तो वायरीनं. घरात लग्नकार्याच्या वेळी मांडववाल्याची वायर ओलांडताना मला दरवेळी जॉन यंग आठवतो.

*

माणूस असला तर निदान खांदा लावता येतो. रशियनांनी तोही पर्याय ठेवला नव्हता. सप्टेंबर १९७० मध्ये लूना १६ हे मानवरहित यान चंद्रावर उतरलं, ३५ सेंटिमीटर भोक पाडून १०१ ग्रॅम माती घेऊन परत आलं. १९७४ मध्ये लूना २३ चं ड्रिल उतरतानाच मोडलं. आणि ऑगस्ट १९७६ मध्ये लूना २४ नं दोन मीटरच्या खालपर्यंत जाऊन १७० ग्रॅम माती आणली. या शेवटच्या यंत्रातली युक्ती मला फार आवडते. दोन मीटरचा गाभा छोट्या गोल डब्यात घालून घरी कसा न्यायचा? तर ड्रिलच्या आत लवचीक नळी. माती आधी त्या नळीत शिरते आणि मग ती नळी गुंडाळीसारखी गोल वळवून डब्यात बसते. थरांचा क्रम जसाच्या तसा. त्यानंतर चंद्राची माती पृथ्वीवर यायला ४४ वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांगअ ५ नं १,७३१ ग्रॅम आणली, आणि त्यांचंही ड्रिल दोन मीटरचा बेत असून मीटरभरावर अडलं.

व्लादिमीर बार्मिन यांच्या ज्या कार्यालयानं लूना २४ चं ड्रिल बनवलं, त्यांनीच शुक्रावर जाणारंही बनवलं. शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान साडेचारशे अंशांच्या वर, दाब आपल्या हवेच्या नव्वदपट. शिसं वितळेल अशा भट्टीत फिरते भाग चालवायचे होते. मग त्यांनी सुटे भाग असे घडवले, की ते खोलीत जुळणारच नाहीत. शुक्रावर तापून फुगले की मगच एकमेकांत नीट बसतील. १ मार्च १९८२ ला व्हेनेरा १३ उतरलं. ड्रिल तीन सेंटिमीटर गेलं. आणि भुगा वर आणायला त्यांनी शुक्राचंच हत्यार शुक्रावर चालवलं: यानाच्या आत जवळजवळ निर्वात ठेवलेला कप्पा, बाहेर नव्वदपट दाब. मधलं दार फुटलं की बाहेरची हवा भुग्यासकट आपणहून आत धावणार. तसंच झालं. तपासणीत दगड बेसाल्टसारखा निघाला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच भाऊबंदांतला. अर्ध्या तासासाठी बनवलेलं यान १२७ मिनिटं जगलं.

चार दिवसांनी उतरलेल्या जुळ्या भावाची, व्हेनेरा १४ ची गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जमीन किती दबते हे मोजायला त्याच्यावर एक हात होता. हात खाली आला तो नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या टोपणावर. कोट्यवधी किलोमीटर जाऊन आपल्याच टोपणाचा कडकपणा मोजला.

*

मंगळावर दगड घासणारं पहिलं यंत्र न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत, एलिझाबेथ स्ट्रीटवर बनलं. कंपनीचं नाव हनीबी रोबोटिक्स, १९८३ मध्ये स्टीफन गोरेव्हान आणि ख्रिस चॅपमन यांनी काढलेली. यंत्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून झालं ‘रॅट’, उंदीर. आणि काम उंदराचंच. दगडावर ४५ मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर खोल इतकंच कुरतडायचं, म्हणजे वरची धूळ आणि गंजलेलं कातडं जाऊन आतला ताजा दगड कॅमेऱ्याला दिसावा. हे काम ऐन रंगात असताना, ११ सप्टेंबर २००१ ला, त्यांच्या कारखान्यापासून मैलभराच्या आत असलेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले. पुढं त्या ढिगाऱ्यातलं ॲल्युमिनियम शहराकडून मागून घेऊन त्याची पत्र्याची ढाल घडवली गेली आणि मंगळावर जाणाऱ्या दोन गाड्यांवरच्या रॅटच्या वायरींवर बसवली. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरल्या. ढाली आजही तिथंच आहेत. कंपनीनं तेव्हा याचा गाजावाजा केला नाही, हे मला विशेष वाटतं.

रॅटला कुरतडण्याइतकंच झाडूचंही काम होतं. घासल्यावर उरलेलं पीठ ब्रशनं लोटायचं. पण ब्रश दगडाच्या छिद्रात जात नाही, आणि स्वतःची घाण दुसऱ्या दगडावर नेतो. म्हणून २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्सला ब्रशऐवजी फुंकर दिली. छोट्या टाकीत कोंडलेला नायट्रोजन, घासून झालं की त्याचे झोत. हेही हनीबीचंच काम. आपण जुन्या पुस्तकावर मारतो ती फुंकर.

पर्सिव्हरन्सची पहिली फजिती मात्र भुग्यानंच केली. ६ ऑगस्ट २०२१ ला ‘रुबियाँ’ नावाच्या दगडात भोक पडलं, नळी आत सरकली, सीलबंद झाली, सगळे आकडे झकास. आणि नळी रिकामी! दगड इतका कुजका होता, की गाभा तयार व्हायच्या ऐवजी त्याचं पीठ झालं आणि ते भोकातच, भोकाच्या कडेलाच राहिलं. यंत्रानं सांगितलेलं सगळं केलं होतं. दगडानं साथ दिली नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या, कडक दगडानं दिली. डिसेंबरात आणखी एक: नळीतून सांडलेले खडे बिटांच्या फिरत्या चकतीत अडकले. चकती मागं-पुढं फिरवून, गाडी तिरकी जागा बघून उभी करून, खडे पाडले. कोट्यवधी मैलांवरून बूट झटकण्यातला हा प्रकार.

याच्या नेमकी उलट गोष्ट इनसाइट यानाची. जर्मनांनी बनवलेली ‘मोल’ नावाची खिळ्यासारखी नळी स्वतःच्या आतल्या हातोडीनं ठोकत मंगळाच्या पोटात पाच मीटर जाणार होती. हिला भुगा वर आणायचाच नव्हता, बाजूला सारत जायचं होतं. तर भोवतालच्या मातीनं पकडच दिली नाही. प्रत्येक ठोक्याला नळी उसळून परत जागेवर. दोन वर्षं नाना उपाय करून १४ जानेवारी २०२१ ला नाद सोडला. नळी जेमतेम जमिनीखाली गेली होती. भुगा फार धरतो तरी पंचाईत, धरत नाही तरी पंचाईत. आपल्या विक्रम यानावरच्या ‘चेस्ट’ उपकरणाची सुई २०२३ मध्ये चंद्रात दहाच सेंटिमीटर गेली, पण ठरवल्यासारखी गेली, आणि ठोकून नाही, मोटरनं हळूहळू दाबून. ते दहा सेंटिमीटर किती मोलाचे, हे मोलची गोष्ट ठाऊक असली की कळतं. आता चांद्रयान ४ ला वरची माती यंत्रहातानं आणि खालची ड्रिलनं काढून घरी आणायची आहे; सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं त्याला २,१०४ कोटी मंजूर केले. आपल्या लोकांना चरीच्या सांध्याची गोष्ट मी सांगायला नको, त्यांना ती पाठच असेल.

फुंकर नुसती झाडायला वापरायची असं कुठं आहे? लॉकहीड मार्टिनमधल्या जिम हॅरिस यांनी एक प्लास्टिकचा ग्लास घेतला, त्याला भोकं पाडली, मातीवर पालथा धरला आणि कॉम्प्रेसरनं हवा मारली. माती उडून ग्लासात. ओसायरिस-रेक्स यानाच्या हाताचा उगम हा. २० ऑक्टोबर २०२० ला बेन्नू नावाच्या लघुग्रहाला तो हात काही सेकंद टेकला, नायट्रोजन सुटला, खडे जाळीत शिरले. बेन्नूचं अंग इतकं भुसभुशीत होतं, की हात अर्धा मीटर आतच गेला. इतका माल भरला की झाकणात खडे अडकून ते उघडंच राहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये माल पृथ्वीवर आला, तर ३५ पैकी दोन स्क्रू निघेनात. नवीन पाना बनवून ते काढायला जानेवारी उजाडला. १२१.६ ग्रॅम भरलं, मागितल्याच्या दुप्पट.

निर्वातात वायूची ताकद विलक्षण वाढते, कारण त्याला आवरायला भोवती हवाच नसते. सुटलेला झोत कुठंच न अडता पसरतो. ग्रॅमभर वायू किलोच्या हिशेबात माती उचलतो. हनीबीचं ‘प्लॅनेटव्हॅक’ मार्च २०२५ मध्ये ब्लू गोस्ट यानातून चंद्रावर गेलं आणि वायूच्या झोतानं माती उडवून नळीतून वर घेतली. उतरलं ते ‘संकटांचा समुद्र’ म्हणतात त्याच मैदानात, जिथं लूना २४ उतरलं होतं. या यंत्राला ना चर, ना बिट, ना खांदा लावणारा माणूस.

*

आमच्या बोअरला पाणी लागलं २१० फुटांवर. मोटर सोडली, आणि पहिले दोन दिवस नळ नुसता खोकत होता. पाणी, हवा, पाणी, हवा. प्लंबर म्हणाला, हवा धरलीय, निघून जाईल. शेतात डिझेल इंजिन वापरलेल्या कुणालाही ही भाषा परकी नाही: इंजिननं हवा घेतली की पाइपाचा नट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस संपून सलग धार आली की नट आवळायचा. दवाखान्यात सिस्टर सुई वर धरून सिरिंजला टिचकी मारते, बुडबुडे वर जातात, दट्ट्या जरासा दाबला की बाहेर. टिचकी तिची, बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. पाणी जड म्हणून खाली जातं, हवा हलकी म्हणून वर ढकलली जाते.

कक्षेत फिरणाऱ्या यानात जड-हलकं उरत नाही. तिथं टिचकी मारा, सिरिंज आपटा. बुडबुडा पाण्याच्या मध्यभागी निवांत बसून राहतो.

याचा पहिला त्रास पोटाला झाला. अपोलोत वीज बनायची ती हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून, आणि त्यातून तयार होणारं पाणी हेच प्यायचं पाणी. सोय उत्तम, फक्त त्या पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे असायचे. ते वर येऊन निघून जायचे नाहीत, पाण्याबरोबर पोटात जायचे, आणि पोटातही वरच्या अंगाला जमून ढेकर व्हायच्या ऐवजी अन्नात मिसळून राहायचे, नाहीतर खालच्या वाटेनं निघायचे. अंतराळवीर मायकेल कॉलिन्सनं हे मोकळेपणानं लिहून ठेवलंय. अपोलो १० वर मूठ लावलेली पिशवी दिली होती. ती गोफणीसारखी गरागरा फिरवली की पाणी बाहेरच्या बाजूला, वायू आतल्या बाजूला जाईल असा कयास. फिरवणं थांबलं की बुडबुडे पुन्हा सगळीकडे. अपोलो ११ ला पाण्याच्या पिचकारीवर बसवायचे फिल्टर दिले. तेही यथातथाच. चंद्रावर पाय ठेवणाऱ्या मोहिमेत तीन माणसं गॅसनं हैराण होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

मग पाण्यातून वायू काढायचा कसा? मुळात पाण्यात वायू असतात दोन प्रकारचे. एक दिसणारे, बुडबुड्यांचे, दुसरे विरघळलेले. चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाला मोत्यासारखे बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे, पाण्यात मुरलेली हवा. तापल्यावर पाण्याला ती धरवत नाही. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि मुरलेला वायू फसफसून बाहेर येतो. वरचा दाब जितका, तितका वायू पाण्यात मुरतो, हे विल्यम हेन्रीनं १८०३ सालीच सांगितलं. म्हणजे तापवा, नाहीतर दाब उतरवा; वायू सुटेल. सुटलेला वायू पाण्यापासून वेगळा करणं हे खरं काम, आणि गाडी पुन्हा आमच्या ऑपरेटरच्या वाक्यापाशी येते.

यावरचा सगळ्यात सुबक उपाय म्हणजे शेवयांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. पॉलिप्रोपिलीनचे, केसांसारखे बारीक, आणि अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. हे प्लास्टिक पाण्याला जवळ करत नाही. अळूच्या पानावर थेंब जसा गोळा होऊन राहतो तसं पाणी छिद्राच्या तोंडाशी फुगीर होऊन थांबतं, आत शिरत नाही. वायूला अशी काही अडचण नाही. तंतूच्या एका बाजूनं पाणी वाहवायचं, दुसऱ्या बाजूची हवा पंपानं खेचून टाकायची. वायू भिंत ओलांडून जातो, पाणी पुढं चालू लागतं. वर कुठलं आणि खाली कुठलं, हा प्रश्नच उरत नाही. चिप बनवणारे कारखाने आपलं पाणी याच पद्धतीनं निर्वायू करतात.

दुसरा उपाय जुनाच, ताक घुसळण्यातला: गोल फिरवा. अंतराळ स्थानकावर लघवीचं पाणी करताना ती एका फिरत्या पिंपात, कमी दाबावर उकळतात. पिंप फिरतंय म्हणून द्रव भिंतीला चिकटून राहतो आणि वाफ मध्यातून निघते. स्थिर भांड्यात उकळलं असतं तर नुसता फेसाचा गोळा झाला असता. अपोलोच्या पिशवीची कल्पना चुकीची नव्हतीच. फिरवणं थांबायला नको होतं, इतकंच.

*

दगड उपसणं आणि द्रवातून वायू काढणं, ही दोन कामं एकाच भोकात चाललेली बघायची तर चंद्रावर जायला नको. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातलं गोठणे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगणारी माणसं त्या भागात अजून आहेत. भूकंप जिथं जन्मतो तिथं जाऊनच बघावं म्हणून केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडला प्रयोगशाळा काढली. आधी दीड किलोमीटरपर्यंतची नऊ भोकं घेतली, आणि २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पूर्ण केलं. आपला काळा पाषाण तिथं सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, आणि त्याच्याखाली सरळ ग्रॅनाइट. मध्ये गाळाचा थर नाहीच.

इतक्या खोलातून भुगा वर आणतो चिखल. मातीचं दाट पाणी रॉडच्या पोटातून खाली सोडायचं, ते बिटापाशी बाहेर पडून भोकाच्या भिंतीलगत वर येतं, येताना भुगा घेऊन येतं. आणि भुग्याबरोबर आणखी एक गोष्ट: बिटानं दगड फोडला, की त्याच्या भेगांत युगानुयुगं कोंडलेला वायू सुटून याच चिखलात विरतो. चिखल वर पोचला, की त्यातला काही एका बंद भांड्यात घेऊन रवीसारख्या पात्यानं सतत घुसळतात. वायू सुटतो, तो नळीनं खेचून शेजारच्या केबिनमधल्या यंत्रात जातो, आणि पडद्यावर रेघ उमटत राहते. हेलियम, हायड्रोजन, मिथेन. खाली कुठं भेगाळलेला पट्टा लागला की रेघ उंचावते. चिखलाला खालून वर यायला वेळ लागतो, म्हणून आत्ता दिसणारी रेघ मघाशी फोडलेल्या दगडाची असते. तो हिशेब करून खोली ठरवायची. आमचा ऑपरेटर भुग्याचा रंग बघून दगड ओळखत होता, हे लोक चिखलाच्या श्वासावरून भेग ओळखतात. फरक यंत्राच्या किमतीचा.

उपसून वर आणलेल्या दगडात वायू टिकून असेल तर तो सांभाळणं हे आणखी निराळं कसब. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या सर्नन आणि श्मिट यांनी चंद्रावरच्या एका दरडीच्या मातीत दोन जोडनळ्या हातोडीनं ठोकल्या. वरची नळी साधी बंद केली. खालची, थंड भागातली, तिथल्या तिथं, चंद्राच्या निर्वातात डब्यात सीलबंद केली. पृथ्वीवर आल्यावर तो डबा आणखी एका निर्वात डब्यात ठेवला आणि पुढच्या पिढीकडं आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील, या भरवशावर पन्नास वर्षं कुणी हात लावला नाही.

तो डबा २०२२ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमध्ये फोडला. फोडला म्हणजे तळाला एक भोक पाडलं. त्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेनं खास हत्यार बनवून पाठवलं होतं. गमतीनं त्याला सगळे डबा उघडायची किल्ली म्हणत. हत्यार असं, की टोक आत घुसताना भोवतालची जागा घट्ट बंद राहील, आतला वायू बाहेर सांडणार नाही आणि बाहेरची हवा आत शिरणार नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बनवलेल्या नळ्यांच्या जाळ्यातून तो वायू आधी बाटल्यांत उतरवून घेतला. एकेक बाटली भरली, तोटी बंद केली, चिठ्ठी लावली. दरडीच्या मातीकडं वळले ते त्यानंतर, मार्चात.